बोटांना ठाऊक असलेल्या ओव्या

बरकतपुऱ्यातल्या दुसऱ्या मजल्यावर रविवारी सकाळी रेणुकाचा जुना कॉम्प्युटर नव्यानं जागा झाला. त्यावरचं विंडोज उठेपर्यंत चहा उकळून निवायचा, आणि नवं विंडोज त्या मशीनला झेपत नव्हतं. म्हणून लेकानं, प्रज्ञेशनं, ते पुसून लिनक्स टाकलं. दोन घोटांत पडदा उजळला.

"बघ आई, कसं पळतंय!"

"पळू दे. आधी माझ्या ओव्या दाखव."

सासूबाईंच्या, चतुराबाईंच्या, जात्यावरच्या तीनशे बारा ओव्या. रेणुका नांदेडला टायपिस्ट होती तेव्हा तिनं त्या उतरवून घेतल्या होत्या. आता चतुराबाईंना त्यातली एकही आठवत नव्हती. होत्या त्या या एका फाइलीत.

प्रज्ञेशनं फाइल उघडली. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं. मराठीचा टिपूस नाही.

"फाइल जपून घेतली होती गं मी," तो म्हणाला. "तुझा तो जुना फॉन्ट विंडोजबरोबर पुसला गेला वाटतं."

रेणुका खुर्ची पुढं ओढून बसली. ती त्या कचऱ्याकडे बघत राहिली. बघता बघता तिची बोटं कीबोर्डवर गेली. पडद्यावर जे इंग्रजी अक्षर, त्या बटणावर बोट. आणि त्या बटणावर कुठलं मराठी अक्षर पडायचं, ते बोटाला वीस वर्षं पाठ! एकेक बटण चाचपत ती वाचू लागली,

"पाटी-दप्तर... काखेला... लेक चालली... शाळंला..."

"अशी अडखळत दळलीस तर पीठ कधी पडायचं?" खाटेवरून चतुराबाई करवादल्या.

रेणुकाला हसूच फुटलं. डोळेही भरले. "आहेत रे! सगळ्या आहेत आत!"

"हौ की! फक्त फॉन्ट तेवढा नाही," प्रज्ञेश उडालाच. "टेन्शन नक्को. कुणाकडं असेल तो?"

"नांदेडच्या माझ्या ऑफिसातल्या मिलिंदभाऊंकडं. ते अजून विंडोजच वापरतात."

मिलिंदभाऊंनी चिडवत का होईना, फॉन्ट फोनवर धाडला. "पळणाऱ्या मशीनला शेवटी आमच्याच दारात यावं लागलं म्हणा!"

प्रज्ञेशनं तो लिनक्समध्ये बसवला, फाइल पुन्हा उघडली. रानात पाखरं उतरावीत तशी अक्षरं ओळीनं येऊन बसली.

पाटी-दप्तर काखेला, लेक चालली शाळंला,
उजेड आला गं बाई, माझ्या उघड्या माळाला.

रेणुका एकेक पान खाली सरकवत गेली. तीनशे बारावी ओवी दिसली तेव्हा कुठं तिनं खुर्चीला पाठ टेकली.