दुईचा वास

मी एक जुनी दुलई आहे. खरं तर मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलंत तर दुलई म्हणणारच नाही. फडकं म्हणाल. त्यात तुमची चूक नाही. लांबीला जेमतेम दोन हात, रंग एके काळी पिवळा होता असं सांगावं लागतं, मधोमध तापाच्या औषधाचा गुलाबी डाग आणि एका कोपऱ्यात वेडेवाकडे सात टाके. त्या सात टाक्यांचं मी शेवटी सांगेन. ते सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. दुकान असं की मशीन, इस्त्रीचं टेबल आणि शिंपी आत मावले की गिऱ्हाइकानं पायरीवर उभं राहायचं. नात झाल्याचा फोन आला तेव्हा शिंपी कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होते. त्यांनी कोट बाजूला सारला आणि मला शिवायला बसले. वरून पिवळं फ्लॅनेल, खालून पांढरं, आणि मध्ये त्यांचाच एक जुना सदरा, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. कडेला त्यांनी दोन बोटं माया ठेवली. "पोर वाढणार, तर पांघरुणालाही वाढायला जागा हवी," असं ते मशीनला म्हणाले. मशीनशी बोलायची त्यांना सवय होती. गिऱ्हाइकं उलट बोलतात, मशीन बोलत नाही.

मग मला पुडक्यात बांधून लेकीच्या गावी पाठवलं. गाव लांबचं. विमानानं दोन तास, आगगाडीनं दोन दिवस.

लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर नळ्या, चिठ्ठ्या, हातमोजे. एखादी चिठ्ठी नळीवर तिरकी लागली तरी ती सोडवून पुन्हा सरळ लावणारी बाई. घरीही तेच. पण मला तिनं पहिल्या दिवशी नाकाशी धरलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. माझ्या पोटात तिच्या बाबांचा सदरा होता, हे तिला सांगावं लागलं नाही.

तिच्या मुलीला घरात सगळे खारू म्हणत. खाऊ दिला की ती डाव्या गालात साठवायची आणि तासाभरानं आठवण आली की गिळायची. या खारूनं माझं नाव ठेवलं, दुई. तिला येणाऱ्या सात शब्दांपैकी एक शब्द माझा होता. मी जमिनीवरून फरफटत गेले, वरणात बुडाले, दात येताना चघळली गेले. ताप आला तेव्हा औषध निम्मं तिच्या पोटात गेलं, निम्मं माझ्यावर. मला कुणी छान म्हटलं नाही. पण झोपायची वेळ झाली की घरभर एकच हाक उठायची, "दुई कुठाय?" याहून मोठी शाबासकी मला ठाऊक नाही.

दर रविवारी आजोबांचा फोन यायचा, तोंड दिसणारा. ते गळ्यातला टेप काढत आणि म्हणत, "चला, गिऱ्हाईक उभं करा." इकडे आई माझी कड ताणून खारूला लावायची आणि तिकडून आजोबा आकडे सांगायचे. "हात नऊ. पाय अकरा. पोट बावीस. आणि नाक?" मग ते थांबायचे. "नाक टेपात मावत नाही बुवा." खारू इतकी हसायची की गालातला खाऊ बाहेर यायचा.

खारू वीस महिन्यांची झाली आणि एका गुरुवारी फोन आला, तो रविवारचा नव्हता. आजोबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती, शनिवारी सकाळी आठला. डॉक्टरांनी धोका आहे असं स्पष्ट सांगितलं होतं. आजोबा मात्र लेकीला एवढंच म्हणाले, "पोरीला एकदा जागेवर बघायचंय. फोनवर माप नीट लागत नाही."

शुक्रवारी दुपारचं विमान होतं. दिवसातलं ते एकच. रुग्णालयात भेटायची वेळ संध्याकाळी साडेसहापर्यंत. म्हणजे ते विमान चुकलं तर आजोबांना शस्त्रक्रियेआधी नात दिसणार नव्हती. कदाचित कधीच दिसणार नव्हती.

आता आईची चूक सांगते. तशी चूक तिनंच करावी. रुग्णालयात जायचं, बाबांचं हृदय उघडणार, आणि खारूच्या हातात दीड वर्षाचं जंतूंचं गाठोडं. म्हणून गुरुवारी संध्याकाळी तिनं मला पातेल्यात घातलं, जंतुनाशक ओतलं आणि उकळलं. एकदा नाही, दोनदा.

"अगं, तिचं सूप करणार आहेस का?" खारूचा बाबा म्हणाला. त्याला कामावरून सुटी मिळाली नव्हती. त्यामुळे तो उगाच विनोद करत फिरत होता.

"तू बॅग भर."

"भरली. खारू निघणार नाही म्हणते. तिचं ऑफिस आहे उद्या."

आई हसली नाही. तिनं मला पिळलं, वाळवलं, कडक इस्त्री केली आणि कोऱ्या पिशवीत बंद करून ठेवलं. माझी एक शिवण त्या उकळण्यात उसवली, ते तिच्या ध्यानात आलं नाही. मी किती दिवसांनी इतकी स्वच्छ झाले होते, मित्रांनो! मला वाटलं, आता माझे दिवस पालटले.

विमानतळावर सगळं ठीक चाललं होतं. खारूनं सरकत्या पट्ट्यावरच्या बॅगांना टाटा केला. विमानातही तिनं खिडकीचा पडदा दोनदा उघडून बंद केला. मग तिची दुपारच्या झोपेची वेळ झाली. तिनं डोळे चोळले आणि म्हणाली, "दुई."

आईनं पिशवी उघडून मला तिच्या हातात दिलं. खारूनं मला नेहमीसारखं नाकाशी नेलं. थांबली. पुन्हा हुंगलं. आणि मला खाली टाकून दिलं.

"दुई दे," ती म्हणाली.

"ही काय, हीच दुई."

"नाय. दुई दे."

मी तिच्या पायाशी पडले होते आणि ती मलाच मागत होती. माझं आयुष्य तसं साधंच गेलं, फार दुःखं मी पाहिली नाहीत. पण तो क्षण मी विसरलेली नाही.

मग ती रडायला लागली. रडणं म्हणजे कसलं, अंगाची कमान करून, पाय झाडून. लहान मुलांचा वेगळा पट्टा असतो, तो आईच्या पट्ट्यात ओवून बाळाच्या पोटाभोवती लावायचा. तो लागेना. एक हात आत घातला की दुसरा बाहेर. आईनं केळं पुढे केलं. त्यातलं निम्मं खारूनं खाली माझ्यावर टाकलं आणि निम्मं शेजारच्या गृहस्थांच्या बाहीवर पुसलं.

"दोन तास असंच का?" ते म्हणाले.

"माहीत नाही हो. हिला घेऊन विमानात माझीही पहिलीच वेळ आहे," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

निळ्या गणवेशातली सेविका आली. बोलायला गोड होती, पण नियम तो नियम. "मॅडम, बाळाचा पट्टा लागल्याशिवाय विमान हलवता येत नाही. लागलाच नाही तर तुम्हाला उतरावं लागेल."

"आज उतरून चालणार नाही मला."

"मी दोन मिनिटं थांबते. त्यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही."

आईनं आणखी एकदा पट्टा ओढून पाहिला. खारूनं तिच्या मनगटाला चावा घेतला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, एवढ्या लहान मुलांना आणायचंच कशाला. आईचे कान लाल झाले. तिनं डोळे मिटले. मला वाटलं, झालं, आता ही उठणार, बॅग काढणार.

पण ती वाकली. मला उचललं आणि माझी कड दोन्ही हातांत ताणून धरली.

"चला," ती म्हणाली. आवाज तिचा, पण शब्द तिच्या बाबांचे होते. "गिऱ्हाईक उभं करा."

रडण्यात एक खंड पडला.

"हात... नऊ." मी खारूच्या ओल्या हातावर टेकले. "पाय... अकरा. अरे, हा पाय हलतोय. हलणाऱ्या पायाची विजार तोकडी होते बरं." मग पोट. "पोट... बावीस. थांब हं, पोटाचं माप पट्ट्यानं घ्यावं लागतं." टक्. पट्टा लागला. "आणि नाक?"

खारूनं हुंदका गिळला आणि नाक पुढे केलं.

"नाक मावत नाही बुवा," आई म्हणाली आणि रडायला लागली. खारू हसत होती आणि आई रडत होती. सेविकेनं पट्टा चाचपून पाहिला, मान हलवली आणि पुढे गेली. मी दुलई म्हणून नको होते, पण टेप म्हणून चालले. नाही त्यापेक्षा ते बरं.

विमान हललं, धावलं आणि वर उठलं. खारूचे कान दुखायला लागले. गिळलं की कान मोकळे होतात म्हणून आईनं बिस्किट दिलं. पण ही आमची खार! तिनं ते गालात ठेवून दिलं आणि भरल्या गालानं पुन्हा सुरू केलं. "दुई दे. दुई दे."

तेव्हा कुठे आईनं मला स्वतःच्या नाकाशी नेलं. ती दचकली. हा वास तिला रोजचा होता. प्रयोगशाळेतल्या फरशीचा वास. बाबांचा सदरा गेला, दूध गेलं, खारूची लाळ गेली, सगळं धुऊन गेलं होतं.

"काय केलं मी हे," ती स्वतःशी म्हणाली.

तिनं माझी घडी केली आणि मला आपल्या शर्टाच्या आत, छातीशी, धरून ठेवलं. खारूला वरून कवटाळलं. मित्रांनो, मी तिथे अर्धा तास होते. वर एक पोर रडत होतं, आत एक काळीज धडधडत होतं, आणि मध्ये मी. आईला घाम फुटला होता. भीतीचा घाम वेगळा असतो, कपड्यांना तो कळतो. तो मी सगळा टिपून घेतला. दुसरं काय करणार होते?

मग तिनं मला बाहेर काढलं आणि खारूच्या मांडीवर ठेवलं. खारूनं हुंगलं. ढकललं. थोड्या वेळानं पुन्हा हुंगलं. शेवटी तिला माझा केळं लागलेला कोपरा सापडला, तो तिनं तोंडात घातला, आणि गालातलं बिस्किट गिळलं. "दुई," ती नाराजीनं म्हणाली. पूर्ण माफी नव्हती ती. पण झोपली. शेजारच्या गृहस्थांनी आपल्या डोक्यावरचा दिवा बंद केला. बाहीकडे मात्र ते उतरेपर्यंत अधूनमधून बघत होते.

आम्ही रुग्णालयात पोचलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. नर्स म्हणाली, बाळाला पाच मिनिटं, आणि खाटेला हात लावायचा नाही. उकळून, इस्त्री करून आणलेली मी तोवर केळ्यानं, लाळेनं आणि घामानं पुन्हा पहिल्यासारखी झाले होते. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मला बाहेरच ठेवू लागली. खारू सोडेना.

खाटेवर आजोबा होते. फोनमधल्यापेक्षा खूप लहान, गळ्यात टेप नाही, नळ्या. खारूनं त्यांना ओळखलं नाही. तिनं आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"राहू दे," आजोबा म्हणाले. "गिऱ्हाईक नवं आहे. दबकतंच."

आईनं तिची पाठ थोपटली. ते थोडा वेळ खारूच्या पाठीकडेच बघत राहिले. मग त्यांनी हात जरासा उचलला, हवेतच टेप ताणल्यासारखी बोटं धरली आणि हळूच म्हणाले, "हात... नऊ."

खारूनं मान वळवली.

"पाय... अकरा."

तिनं मला वर उचललं, दोन्ही मुठींत धरून ताणलं आणि त्यांच्या दिशेनं पुढे केलं. "नाक," ती म्हणाली.

"नाक," आजोबा म्हणाले, "मावत नाही बुवा."

पाच मिनिटं संपत आली. नर्स दारात उभी होती. आजोबांची नजर माझ्यावर पडली. "शिवण उसवलीय गं हिची," ते लेकीला म्हणाले. "घरी आलो की घालतो टाका."

"या मग घरी," आई म्हणाली. "मी काही नाही घालणार."

शनिवारी ती बाहेरच्या बाकावर साडेसहा तास बसली. खारू एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर चढत होती. आई माझी उसवलेली शिवण बोटानं पुढेमागे करत होती. तेवढ्यानं ती आणखी दोन बोटं उसवली.

आजोबा घरी आले. यायला बारा दिवस लागले. आल्यावर खिडकीपाशी बसून त्यांनी मला मांडीवर घेतलं. सुईत दोरा आईनं ओवून दिला, कारण त्यांचा हात थरथरत होता. ज्या हातानं कोटांची अस्तरं लावली त्याच हाताला सात टाके घालायला अख्खी दुपार लागली. एक टाका आखूड, एक लांब, तिसरा भलतीकडेच. पूर्ण झाल्यावर त्यांनी मला डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "हे गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखं नाही."

आईची नजर त्या टाक्यांवरून फिरली. तिरकी चिठ्ठी सोडवून सरळ लावणारी बाई ती. तिचा हात कात्रीकडे गेला, आणि मी पाहिलं, तो तसाच परत आला. त्यानंतर आजोबांनी सुई हातात घेतली नाही. दुकानही बंद झालं. माझ्या अंगावरचे हे सात टाके त्यांच्या हातचे शेवटचे आहेत.

आता खारू शाळेत जाते. तिला खूप शब्द येतात, त्यातल्या माझ्या शब्दाची तिला जरा लाज वाटते. मी उशीखाली असते, कधी पलंगामागे पडते, आठवडा आठवडा कुणाला कळत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना स्वच्छ ठेवा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी थोडं वेगळं मागते. आम्हाला धुवा, पण आमच्यात जे जे मुरलंय ते सगळं एका दिवसात उकळून टाकू नका. कुणाच्या हातचा वाकडा टाका दिसला तर तो सरळ करायची घाई करू नका. आणि घाईगडबडीत धुतलंच कधी, तर आम्हाला टाकून देऊ नका. थोडा वेळ जवळ धरा. ओळख पटायला वेळ लागतो. आम्ही थांबतो.