सोडवणुकीचा मान

हातखंब्याहून खाली उतरलं की डाव्या हाताला कातळावर एक वाडी लागते. त्या वाडीच्या शिमग्याला एक रीत होती, ती आधी सांगायला हवी.

पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, येऊन बसली की देवळासमोरच्या अंगणात खेळे, म्हणजे सोंगं घेणारे वाडीतले गडी, नाचत. त्यांच्या खेळात एक राजपुत्र असे. दैत्य त्याला पकडी आणि काथ्याच्या दोरीने खांबाला करकचून बांधी. बांधायचं ते खरोखर बांधायचं, सोंग म्हणून नव्हे. मग पुढे गाणी होत, गवळणी होत, हसवाहसवी होई, आणि राजपुत्र आपला खांबापाशी उभा. सगळं आटोपलं की वाडीतल्या एका ठरलेल्या घरची बाई पुढे येई, त्याची गाठ सोडी आणि त्याच्या हातांवर तांब्याने पाणी घाली. तोवर वाडीतलं एकही माणूस उठत नसे. तान्हं मूल रडलं तर त्याची आई तिथेच पदराआड घेऊन त्याला पाजी. बांधलेल्याला बांधलेला टाकून घरी गेलं, तर वाडीचं कुणीतरी कुठेतरी अडकून पडतं, अशी समजूत. हा सोडवणुकीचा मान त्या घराला कुणी दिला आणि कधी दिला हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण तो दुसऱ्या कुणी घेतल्याचंही ऐकिवात नव्हतं.

अलीकडे तो मान त्या घरच्या सुनेकडे, सखूकडे होता, आणि राजपुत्र व्हायचा तिचाच मुलगा, रघू. म्हणजे दर शिमग्याला आईच मुलाची गाठ सोडायची. तो ओठ न हलवता पुटपुटायचा, "आये, बेतानं गो. मनगटं सुजलीत." आणि ती म्हणायची, "गप ऱ्हव. राजपुत्र कुरकुरत नाय."

त्या साली मात्र राजपुत्रच नव्हता. आदल्या वैशाखात मिठाच्या सत्याग्रहात रघू समुद्रावर गेला, कढईत खारं पाणी आटवून त्याने मूठभर मीठ केलं आणि पोलिसांनी त्याला धरलं. तो रत्नागिरीच्या तुरुंगात होता. त्याच्यावाचून खेळे उभे करायला कुणाचं मन होईना. शिमगा सुना जाऊ नये म्हणून सखूच्या दिराने, आप्पाने, रत्नागिरीहून दादू बायस्कोपवाल्याला बोलावणं धाडलं.

त्या दिवशी दुपारी आप्पा सखूच्या पडवीत येऊन बसला. दुसऱ्या दिवशी तुरुंगात भेटीचा दिवस होता.

"वयनी, उद्या त्येला सांग," तो म्हणाला. "माफीच्या कागदावर अंगठा उठव म्हणावं, नि घरी ये. लोकांची पोरं आली तशी."

"त्येला सही करता येते," सखू म्हणाली.

"मग सही कर म्हणावं! तरव्याची भाजावळ पडलीय, रोपांची जमीन भाजायची हाय. माजी कंबर धरलीय. मिरगाला नांगर कोण धरील? तू?"

 आप्पा वाईट माणूस नव्हता. भाऊ गेल्यापासून त्यानेच ही दोन घरं ओढली होती, आणि तो म्हणत होता ते तिच्याही मनात दहा वेळा येऊन गेलं होतं. मुलगा घरी यावा असं कुठल्या आईला वाटत नाही? "बघतंय," ती शेवटी म्हणाली. "सांगतंय त्येला."

दिवेलागणीला सगळी वाडी देवळासमोर जमली. दोन आंब्यांच्या मध्ये धुतलेलं पांढरं कापड ताणून बांधलं होतं. माणसांच्या पाठीमागे दादूने आपली पेटी तिवईवर चढवली. त्या पेटीची करामत अशी होती. वरच्या चकतीवर चित्रांची लांबलचक पट्टी गुंडाळलेली असे. बाजूचा दांडा फिरवला की पट्टी दिव्यासमोरून खाली उतरे आणि खालच्या चकतीवर गुंडाळली जाई. एकेक चित्र निश्चल असे, पण ती भराभर सरकली की डोळ्यांना माणसं चालताना दिसत. दादू एका हाताने दांडा फिरवी आणि तोंडाने गोष्ट सांगे, कारण त्या काळी चित्रं बोलत नसत.

कापडावर उजेड पडला आणि समुद्र आला. खरा, हलणारा समुद्र. पुढे बसलेल्या बायकांनी लुगड्यांचे काठ वर ओढून घेतले. होडीतून एक देखणा वीर उतरला. चाच्यांनी त्याला घेरलं, त्याची तलवार वाळूत उडाली आणि त्यांनी त्याला किनाऱ्यावरच्या खांबापाशी ओढत नेलं.

"पाहा मंडळी!" दादू गरजला. "चाच्यांचा सरदार म्हणतो, मान तुकव! शरण ये! आत्ता सोडतो!"

वीराने मान हलवली. नाही.

सखूने ते शब्द मनात परत म्हटले. शरण ये, सोडतो. उद्या गजांपाशी उभं राहून ती तेच तर म्हणणार होती. तिने आजूबाजूला पाहिलं. आप्पा तोंड उघडं ठेवून पडद्याकडे बघत होता.

चाच्यांनी वीराला खांबाशी बांधलं आणि ते निघून गेले. भरती चढू लागली. पाणी गुडघ्यांना लागलं, कमरेला लागलं, छातीवर आलं. एक लाट त्याच्या हनुवटीवर फुटली, आणि कापड पांढरंफटक झालं.

"आणि मग वीर सुटला, सरदार बुडाला, राजकन्येशी लग्न झालं!" दादूने एका दमात सांगून टाकलं. "शिमग्याचा राम राम, मंडळी!"

कुणी उठलं नाही.

"संपलं," दादू म्हणाला.

"सुटला कुठं?" म्हातारी जनी पुढून ओरडली. "आमी नाय बगितला सुटताना."

"अहो आजी, शेवटचं रीळ दाभोळच्या खेळात जळालं. सगळीकडे मी असंच तोंडी सांगतो. लोक हसतात आणि घरी जातात."

"दाभोळची लोकं जात असतील."

"पण चित्र आहे ते!"

"असूं दे चित्र. बांधल्येला हाय ना?"

दादूला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात दरवर्षी दैत्याचं सोंग घेणारा धाकू उठून उभा राहिला. "दादूभाऊ, बांधायचं काम माजं. एवढी वर्सं बांधतंय, पण त्यो सुटल्याबिगर मी घरी गेलो नाय. गेलो तर बायको उंबरा चढू द्येल?"

"नाय द्येणार," त्याची बायको मागून म्हणाली, आणि सगळे हसले. पण हसूनही कुणी जागचं हललं नाही. मग एकेकाची नजर सखूकडे वळली. मान तिचा होता, आणि वाडीचं कोण अडकून पडलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सखू उठून पेटीपाशी गेली. "दादूभाऊ, कायतरी करा. ह्यो असाच ऱ्हायला तर माजा मुलगा तिकडं..." 

दादूने डोकं खाजवलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "एक करता येईल. दांडा उलटा फिरवायचा. पोरांना हसवायला मी कधी कधी करतो. पण पट्टी उलटी वर चढते, तेव्हा वरची चकती मला हातांनी फिरवावी लागेल. दांड्याला दुसरं माणूस हवं."

"मी फिरवीन."

"तुम्ही?"

"सोडवायचं तर माज्याच हातानं सोडवायला हवं. आणि जातं काय कमी फिरवलंय?"

"मग नीट ऐका. हात एकसारखा चालला पाहिजे. थांबला की दिव्याच्या धगीने पट्टी पेटते. काही झालं तरी थांबायचं नाही."

सखूने दांडा धरला. लाकडी मूठ जात्याच्या खुंट्यासारखीच गुळगुळीत होती. पण जातं कधी उलटं फिरवत नाहीत, म्हणून पहिल्या फेऱ्याला तिचा हात अडखळला. मग तिने ओवीचा ठेका मनात धरला आणि हात लयीला लागला.

कापडावर वीर हनुवटीपर्यंत पाण्यात उभा होता. फुटलेली लाट पुन्हा एक झाली. विखुरलेला फेस गोळा होत होत तिच्यात शिरला, आणि ती लाट पाठमोरी न होताच मागे मागे निघाली. पाणी छातीवरून उतरलं, कमरेवरून उतरलं, गुडघे सोडून गेलं. समुद्र माघार घेत होता. ती ओहोटी नव्हती. ओहोटी वाडीतल्या सगळ्यांनी पाहिली होती. ओहोटीतसुद्धा लाटा किनाऱ्याकडेच येतात. ह्या लाटा किनाऱ्यावर जन्मत होत्या आणि दूर क्षितिजाकडे चालत्या होत होत्या.

 जनीने हात जोडले होते.

मग चाचे आले. पाठीकडून, मागे मागे चालत, खांबाला येऊन भिडले. त्यांची बोटं गाठींवर पडली आणि गाठी उलगडू लागल्या. दोरीचा एकेक वेढा वीराच्या अंगावरून सुटून त्यांच्याच हातांत गोळा होत होता. सखूचे डोळे भरून आले, पण हात चालत होता. बांधणारेच सोडवत होते! मान तुकवल्यावाचून, शब्द दिल्यावाचून. सरदाराचं तोंड उघडलं आणि मिटलं, जणू बोललेलं सगळं त्याने गिळून परत आत घेतलं. वाळूत पडलेली तलवार आपोआप उसळली, हवेत फिरली आणि वीराच्या मुठीत जाऊन बसली.

"अगो बाय माजे," अंधारातून कुणीतरी म्हणालं.

वीर किनाऱ्यावर मोकळा उभा होता. एवढंच बघावं, असाच त्याला डोळ्यांपुढे ठेवावा, असं सखूला वाटलं. तिचा हात मंदावला. कापडावरचा उजेड थरथरला आणि चित्राच्या मधोमध तांबूस डाग उमटला.

"वहिनी, थांबू नका!" दादू ओरडला. "पेटेल सगळं!"

सखूने दात आवळले आणि दांडा फिरवला. डाग नाहीसा झाला. वीर मागे मागे चालत होडीकडे गेला, तोंड मात्र वाडीकडे करून. तो होडीत चढला. वल्ही पाण्यात पडली आणि होडी लहान लहान होत गेली. तो सखूपासून दूर जात होता आणि तीच त्याला पाठवत होती. जाऊ दे, ती मनात म्हणाली. सुटलेलं माणूस जाईल तिकडं जाईल. शेवटी नुसतं पाणी उरलं, उन्हात चमकणारं, आणि मग पांढरं कापड.

तरीही कुणी उठलं नाही. सखूच्या ध्यानात आलं. तिने देवळातला तांब्या उचलला, पडद्यापाशी गेली आणि कापडाच्या खालच्या काठाशी, जिथे वीराचे पाय होते, तिथे पाण्याची धार धरली. कोरड्या मातीने ते पाणी पिऊन टाकलं. तेव्हा आधी जनी उठली, मग सगळी वाडी उठली.  धाकूने दादूच्या पेटीला लांबूनच नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सखू आणि आप्पा बैलगाडीने रत्नागिरीला गेले. आप्पा फाटकाबाहेर थांबला, आत एकालाच सोडत होते. रघू वाळला होता. गालफडं वर आली होती, पण डोळे तेच होते.

"आये, काका काय म्हनतो?" त्याने पहिलंच विचारलं. त्याला अंदाज होता.

सखूने गज धरले. काल दुपारपासून जुळवून ठेवलेलं वाक्य तिच्या जिभेवर होतं. तिने ते तिथेच राहू दिलं. "काका बरा हाय. कंबर दुखतीय त्येची," ती म्हणाली. "तू ऐक. काल आमी समुद्र मागं गेल्येला बगितला."

आणि ती सांगत बसली. लाटा कुठून निघाल्या, दोरी कशी उलगडली, तलवार कशी उसळली. रघू गजांना कपाळ टेकून लहान मुलासारखा ऐकत होता. मधे एकदाच त्याने विचारलं, "बांधनाऱ्यांनीच सोडला?" "त्यांनीच," ती म्हणाली. पहाऱ्यावरचा शिपाई दोनदा वेळ संपली म्हणायला आला आणि तोही तलवारीपर्यंत ऐकत उभा राहिला.

बाहेर आप्पा गाडीच्या जुवाला टेकून उभा होता. "सांगितलंस?"

"नाय."

"नाय?" त्याचा चेहरा पडला. "मग एवढा येळ काय बोललीस गो? आणि नांगर?"

"भाजावळ मी उद्यापासून धरतंय. नांगराला धाकूला सांगू. त्येच्या लावणीला मी जाईन. आणि तुमी बांधावर बसून मला शिकवा, भावजी. शिव्या घातल्यात तरी चालंल."

आप्पाने बैल जुंपले. तो रागावला होता. खेडशीचा चढ लागेपर्यंत तो बैलांवरच खेकसत राहिला. बैल दमाने चढत होते आणि खाली, माडांच्या पलीकडे, समुद्राची पट्टी दिसत होती. बराच वेळ तो तिकडेच बघत राहिला. मग मान न वळवता त्याने विचारलं,

"वयनी, त्यो खरंच मागं गेला का गो? का माज्याच डोळ्यांस्नी तसं वाटलं?"

"गेला, भावजी," सखू म्हणाली. "सगळा गेला."