वर्षाच्या अंगठ्याने मला नापास केले

मी एक जुने हजेरीचे यंत्र आहे. सुरतेतल्या एका संशोधन संस्थेच्या दारापाशी, पाण्याच्या कूलरशेजारी मी भिंतीला लटकलेले असते. ओळखीचा अंगठा टेकला की मी ‘धन्यवाद’ म्हणते. अनोळखी असला तर ‘नोंद नाही’. आणि काचेवर काहीच दिसले नाही, तर ‘कृपया अंगठा ठेवा’. मित्रांनो, माझे शिक्षण एवढेच. तरीही पीएच.डी. करणाऱ्यांची हजेरी माझ्याकडे सोपवली आहे.

कारखान्यात माझी परीक्षा एका रबरी अंगठ्याने घेतली. मला पैकीच्या पैकी मिळाले. इथे आल्यावर माझ्यापुढे नारळ फोडला. त्याचे पाणी माझ्यात शिरले आणि दोन दिवस मी येईल त्याला संचालक समजत होते. पुढे मात्र माझे काम चोख चालले. “माणूस खोटं बोलेल, मशीन नाही,” असे आमचे क्लार्क गजेंद्रभाई सगळ्यांना सांगत. फाफडा खाऊन आलेला त्यांचा तेलकट अंगठाही मी झटक्यात ओळखत असे.

यंदा एका ट्रस्टने सहा मुलींना संशोधनासाठी फेलोशिप दिली. अट एकच होती. तीन महिन्यांत माझ्याकडे अंगठ्याची नोंद व्हायला हवी, नाहीतर फेलोशिप यादीतल्या पुढच्या नावाला. पाच जणींची नोंद पाच मिनिटांत झाली. सहावी डिंडोलीच्या खानदेशी वस्तीतली वर्षा. तिने अंगठा ठेवला. मी म्हटले, ‘कृपया अंगठा ठेवा.’

तिच्या अंगठ्यावर रेघाच नव्हत्या. लहानपणापासून आईबरोबर साड्यांवर टिकल्या चिकटवताना, सुकलेला गोंद खरवडताना त्या झिजून गेल्या होत्या. तिच्या संशोधनाचा विषयही हाच होता. टिकल्या लावणाऱ्या बायकांची बोटे.

“थूक लाव,” गजेंद्रभाईंनी सुचवले. मग लिंबू सुचवले. मग पावडर. शेवटी म्हणाले, “जरा प्रेमानं ठेव.”

“भाई, तुम्ही मला रोज बघता. ओळखता ना?”

“मी ओळखतो गं. पण माझं ओळखणं सिस्टममध्ये चालत नाही ने!”

असे तीन महिने गेले. शेवटच्या दिवशी मुदत पाच वाजता संपणार होती आणि चार वाजता सहाही मुलींचा सत्कार होता. माझ्या बरोबर डोक्यावर बॅनर लावले. त्यात वर्षाचा हसरा फोटो, खाली ‘आमचा अभिमान’. फोटोखाली खरी वर्षा घामाघूम होऊन अंगठा दाबत होती आणि मी त्याच गोड आवाजात म्हणत होते, ‘कृपया अंगठा ठेवा.’ मित्रांनो, मला इतका राग आला की काय सांगू! पण राग दाखवायला माझ्याकडे चौथे वाक्यच नव्हते.

तेवढ्यात तिची आई कलाबाई टिकल्या लावणाऱ्या शेजारच्या चार बायकांना घेऊन सत्काराला आली.

“हाई येडं शे का? मन्ही पोरना फोटो वर लायेल शे, नि हाई तिले वळखत नही!” असे म्हणून तिने स्वतःचा अंगठा माझ्यावर आपटला.

‘कृपया अंगठा ठेवा.’

मग चारही बायकांनी अंगठे ठेवले. मी चारही वेळा तेच म्हटले. आता ट्रस्टच्या छायाबेन उठून आल्या. “ठेवलाय तर खरा,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचा ठेवला. ‘नोंद नाही,’ मी म्हटले. म्हणजे त्यांचा निदान दिसला तरी होता!

वर्षा वहीत भराभर काहीतरी लिहू लागली.

“अगं, फेलोशिप चालली हातातून, आणि लिहितेस काय?” गजेंद्रभाई ओरडले.

“प्रबंधाचं तिसरं प्रकरण. हे यंत्र काम करणाऱ्या बायकांना माणसांत धरत नाही, याचा पुरावा मिळाला.”

छायाबेननी ती वही घेतली, वाचली. मग कोरा कागद मागितला आणि लिहिले, ‘वर्षाला मी समोर पाहिले आहे. फेलोशिप चालू राहील.’ खाली सही केली. पाच वाजायला सात मिनिटे होती. मुलीआधी आईच रडली.

वर्षा आता रोज कागदावर सही करते. येता-जाता ओढणीने माझी काच पुसते. इतक्या विद्वानांत तेवढी ती एकटीच. मित्रांनो, तुम्हीही यंत्रे पुसत जा. आणि काचेवर काही दिसले नाही, तर मान वर करून समोर कोण उभे आहे ते बघा. मला मान नाही. तुम्हाला आहे.