टाचेखालची जमीन

"आता पाय गरम लागेल. घाबरायचं नाही, प्लास्टर घट्ट होताना तसं होतंच," असं सांगत प्लास्टरकाकांनी ओल्या पट्टीचा शेवटचा वेढा मुलीच्या नडगीवरून फिरवला आणि दोन्ही तळव्यांनी तो हलक्या हाताने सारखा करत नेला.

मुलगी तेरा वर्षांची. रडत नव्हती, नुसती छताकडे बघत पडली होती. कुठे पडलीस, असं काकांनी सवयीने विचारलं. कुठेच नाही, ती म्हणाली. मग तिच्या आईनेच सगळं सांगितलं. पाय दोन महिन्यांपासून दुखत होता. नाचाच्या शाळेत सांगितलं तर नाचणाऱ्याचा पाय दुखायचाच, असं उत्तर मिळालं. मुलीनेही मग घरी सांगायचं सोडून दिलं. काल जिना चढवेना तेव्हा एक्स-रे काढला, तर हाडाला केसासारखी बारीक चीर.

"शाळा कुठली?" बादलीत हात धुता धुता काकांनी विचारलं.

"चौकातली हो. ती काचेची इमारत."

काकांनी हात पुन्हा एकदा धुतले. त्या इमारतीतून आलेला वर्षभरातला हा तिसरा पाय होता. आणि त्याच इमारतीत त्यांच्या स्वतःच्या मुलीची निवड झाल्याचं पत्र आज सकाळी घरी आलं होतं.

हाडांच्या विभागात काकांची बावीस वर्षं गेली होती. डॉक्टर आले, मोठे झाले, गेले. काका प्लास्टरच्या खोलीत होते तिथेच राहिले. पट्ट्या भिजवायच्या, गुंडाळायच्या, सहा आठवड्यांनी कापायच्या. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. पण रस्त्याने जाणाऱ्याची चाल बघून त्याचा कुठला गुडघा कुरकुरतो ते काका अचूक सांगत. बायकोची तक्रार अशी, की हा माणूस बाजारात येतो तो भाजी सोडून सगळ्यांचे पाय बघायला.

त्यांच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. चालायला शिकली तीच गोल फिरत. अकरा वर्षांची झाली तरी पाणी प्यायला उठली की एक गिरकी घेतल्याशिवाय स्वयंपाकघरात पोचायची नाही. काचेच्या इमारतीतल्या चाचणीला तीनशे मुली होत्या, त्यांतून घेतल्या चाळीस. बायकोने ते पत्र आरशावर चिकटवलं होतं. खालच्या मजल्यावरची मैत्रीण तिथे आधीपासून जात होती, आणि दोघींनी बसमध्ये कुठल्या सीटवर बसायचं इथपर्यंत ठरवून टाकलं होतं. त्या संध्याकाळी घरात एवढा आनंद होता की काकांना तोंड उघडवेना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते शाळेत गेले. पालकांना आत सोडत नाही, असं टेबलामागच्या बाईंनी सांगितलं. काका हललेच नाहीत. आत्ता वर्ग नसेल तर दोन मिनिटं बघतो, एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले. शेवटी बाई कंटाळल्या आणि त्यांनी दार उघडून दिलं. तिन्ही भिंतींना आरसे, वर दिव्यांच्या रांगा, खाली चकचकीत काळी जमीन. काकांनी बूट-मोजे काढले आणि टाच जोरात आपटली. ठोका सरळ गुडघ्यात आला. वरचं काळं आवरण तेवढं दिसायला होतं; खाली निव्वळ काँक्रीट.

व्यवस्थापक तरुण होता आणि बोलायला गोड. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेकडो मुलं नाचतात म्हटल्यावर दोन-चार पाय दुखणारच, असं त्याचं म्हणणं पडलं. शाळेच्या मुली किती मोठ्या रंगमंचावर जातात, याचे फोटोही त्याने दाखवले.

"त्या मला कुठल्या दिसायला," काका म्हणाले. "मला दिसतात त्या चाकाच्या खुर्चीतून आलेल्या."

व्यवस्थापकाच्या आवाजातला गोडवा जरा उतरला. यादीत अजून ऐंशी मुली थांबल्या आहेत, नको असेल तर तसं लिहून द्या, असं तो म्हणाला. काकांनी तिथल्या तिथे लिहून दिलं, सही केली आणि बाहेर पडले. अर्ध्या रस्त्यात त्यांच्या ध्यानात आलं, की आपण सोडलेली जागा आता यादीतल्या पहिल्या मुलीला मिळणार, आणि तिच्या घरी आज आरशावर पत्र लागणार. ते रस्त्यातच थांबले. पण परत फिरले नाहीत.

घरी सांगितलं तेव्हा बायको आरडाओरडा करेल असं त्यांना वाटलं होतं. तिने गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसली.

"मला नाही विचारलंत, ठीक आहे," ती म्हणाली. "नाचणार कोण होतं? तिला तरी विचारायचं."

भिंगरीने एवढंच विचारलं, "सही केलीस?"

"केली."

तिने आरशावरचं पत्र काढलं, घडी घालून भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं आणि त्या दिवसापासून बापाशी बोलणं टाकलं. काकांना तो अबोला सोसला असता. पण ती आता पाणी प्यायला उठली की सरळ चालत जायची आणि सरळ चालत यायची. ते मात्र त्यांच्याने बघवेना.

नाच बंद होणार नाही, जागा मी शोधतो, असं त्यांनी बंद दाराबाहेर उभं राहून जाहीर केलं. काकांची सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी भिंगरी शाळेतून आली की तिला घेऊन ते निघू लागले. ती यायची, कारण आई पाठवायची. पण चालायची दहा पावलं मागून. एक वर्ग तळघरात होता, ओलसर फरशीवर सतरंजी अंथरलेली. एका ठिकाणी शिक्षक सात वर्षांच्या मुलीच्या पाठीवर भार देऊन तिचे पाय ताणत होता. तिथे काका जे बोलले त्यानंतर त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला दोघं आले. एका ठिकाणी जमीन चांगली, पण बाईंचं लक्ष सगळा वेळ फोनमध्ये. एका ठिकाणी मुलं मजेत होती, पण शिकत होती ती वाढदिवसाला करून दाखवायचा एकच नाच. जाऊ तिथे काका बूट काढून टाच आपटायचे, आणि हे गृहस्थ कोण मला माहीत नाही, असा चेहरा करून भिंगरी खिडकीबाहेर बघायची.

दोन महिन्यांत दहा शाळा झाल्या. अकराव्या शाळेचा पत्ता दिला तो हॉस्पिटलात रुग्णांकडून व्यायाम करून घेणाऱ्या सिस्टरनी. सोफे बनवायच्या कारखान्यावरचा मजला. जिन्यावर कापसाचे पुंजके, सरसाचा वास, दारावर पाटीसुद्धा नाही. आत अठरा-वीस मुलं-मुली भिंतीशी बसून पायाचे पंजे पुढे-मागे करत होती. जमीन लाकडी, जुनी, मध्यभागी पावलांनी फिकट झालेली. काकांनी टाच आपटली. फळी किंचित खाली गेली आणि तिने टाच अलगद परत दिली. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी दुसरी टाच आपटून बघितली.

"काय म्हणते जमीन?" मागून कुणीतरी विचारलं.

बाई साठीच्या होत्या. पांढरे केस बारीक कापलेले, खांद्यावर टॉवेल. फळ्यांखाली पट्ट्या आहेत, पट्ट्यांखाली रबराचे तुकडे, खालच्या कारागिरांनीच बसवून दिलं, असं त्यांनी सांगितलं. सुटलेला खिळा शोधायला दर सुट्टीत त्या स्वतः सगळ्या जमिनीवरून रांगतात, हेही सांगितलं. मग त्यांनी भिंगरीला बोलावलं. नाच करून दाखव म्हणाल्या नाहीत. एका पायावर उभी राहा आणि डोळे मीट, एवढंच म्हणाल्या. तीनशे मुलींतून निवडलेली भिंगरी नऊ मोजेपर्यंत डगमगली आणि दहाला पाय टेकून बसली. बाईंनी तिचे घोटे चाचपले. सहा महिने उडी मारायची नाही, वर्षभर स्टेजचं नाव काढायचं नाही, मग बघू, असा त्यांनी निकाल दिला.

"मी नाही येणार इथे," भिंगरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि जिन्यात जाऊन बसली.

काका ओशाळले. दोन महिने ती आपल्याशी बोलत नाही, असं त्यांनी बाईंना हळूच सांगितलं.

"ती बोलत नाही ते कळलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोललात का तिच्याशी?"

काकांनी विचार केला. जमिनीबद्दल ते खूप बोलले होते. हाडांबद्दल बोलले होते. ते जाऊन मुलीच्या खालच्या पायरीवर बसले आणि पहिल्यांदा त्यांनी तिला त्या दिवशीच्या पायाची गोष्ट सांगितली. तेरा वर्षांची मुलगी, छताकडे लागलेले डोळे, दोन महिने लपवलेलं दुखणं. ती घाबरेल म्हणून इतके दिवस सांगितली नव्हती.

"शाळा सोडली यात माझं चुकलं असं मला अजून वाटत नाही," ते म्हणाले. "पण तुला न विचारता सही केली, ते चुकलं. तुला तिथेच जायचं असेल तर उद्या मी त्या माणसाच्या हातापाया पडतो."

"खरंच पडशील?"

"पडेन."

"आणि त्याने परत घेतलं तर?"

"तर रोज संध्याकाळी तुझे पाय चाचपत बसेन. दुसरं काय करणार?"

भिंगरीला हसू आलं, ते तिने गुडघ्यात तोंड खुपसून लपवलं. तेवढ्यात आत मोठ्या मुली उठल्या. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी कोपऱ्यातून धावत आली, वर उठली, हवेत जराशी थांबल्यासारखी वाटली आणि खाली आली. आवाज आला नाही. भिंगरी पायरीवरून उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. मुलगी पुन्हा धावली, पुन्हा आवाज आला नाही. वर्ग संपेपर्यंत भिंगरी तिथून हलली नाही. घरी जाताना ती बापाच्या बरोबरीने चालत होती. बसस्टॉप आला तेव्हा म्हणाली, "सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे ना?"

सहाचे आठ महिने झाले. मधल्या काळात खालच्या मजल्यावरची मैत्रीण मोठ्या रंगमंचावर नाचली. भिंगरी आईबरोबर बघायला गेली, टाळ्या वाजवून आली आणि न्हाणीघरात नळ सोडून रडली. दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून वर्गाला गेली. मैत्रिणीच्या पायाला पुढेही काही झालं नाही. भिंगरीने ते एकदा बापाला टोचून दाखवलं. झालं नाही हे चांगलंच झालं, काका म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. काचेच्या इमारतीला त्यांनी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र पाठवलं: जमीन बदला. उत्तर आलं नाही. तेव्हापासून दर वर्षी ते एक पत्र पाठवत राहिले.

बाईंनी एकदा स्पष्टच सांगितलं, की भिंगरी चांगली नाचेल, पुष्कळ वर्षं नाचेल, पण जिचं नाव मोठ्या अक्षरांत लागतं तशी ती होईल असं त्यांना वाटत नाही. काकांनी मान हलवली. हे भिंगरीला सांगू का, असं त्यांनी विचारलं. तिला ठाऊक आहे, बाई म्हणाल्या. तिनेच मला विचारलं होतं.

चार वर्षं गेली. भिंगरी आता एकटी जायची, एकटी यायची. न्यायला यायचं नाही, असं तिने बजावलं होतं. पण एका संध्याकाळी हॉस्पिटलातून सुटल्यावर काका त्या भागात काही कामाला आले होते, म्हणून जिना चढून दाराशी टेकले. नखांत प्लास्टर तसंच होतं. तिथे एक माणूस लहान मुलीचा हात धरून उभा होता. शाळा कशी आहे, त्याने विचारलं. काकांनी दार थोडं ढकललं आणि आत जाऊन स्वतः बघा म्हणाले.

आत मोठ्या मुली पाठमोऱ्या उभ्या होत्या. सगळ्या सारख्याच उंच, सगळ्यांचे केस वर बांधलेले, सगळ्यांचं वजन एकाच पायावर.

"तुमची कुठली?" त्या माणसाने विचारलं.

काकांनी बोट वर केलं आणि ते तसंच राहिलं. त्यांनी डावीकडून बघितलं, मग उजवीकडून. चालीवरून जगाला ओळखणारा माणूस, पण इथे कुणी चालत नव्हतं.

"थांबा," ते म्हणाले. "वळेल आता."