डबी रिकामी पाठवू नये

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्ट करतो. बेलव्ह्यूमधल्या एका कंपनीत सोळा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढतोय, आणि ती खोड घरीही सुटत नाही. रेणू, माझी बायको, म्हणते की हा देवळात गेला तरी आधी घंटा सुरात आहे का ते बघेल. खोटं नाही ते. आवाजाच्या बाबतीत मी फारच किचकट माणूस आहे.

म्हणून तर मी ‘कानसेन’मध्ये आहे. अमेरिकाभर पसरलेल्या चौदा मराठी लोकांचा हा व्हॉट्सॲप ग्रुप, आणि कानात घालायचे महागडे इअरफोन हा आमचा एकमेव विषय. आमच्यात एक पद्धत आहे. कुणी भारी जोडी घेतली की ती पोस्टाने घरोघरी फिरवायची. प्रत्येकाने आठवडाभर ऐकायची आणि शुक्रवारी यादीतल्या पुढच्या नावाला धाडायची. नियम एकच, आणि तो आपल्या घरांतला: डबी रिकामी पाठवायची नाही. शेजारणीचा डबा परत देताना त्यात काहीतरी घालतात, तसंच. कुणी रबरी टोप्यांचा नवा जोड घालतं, कुणी दोन चॉकलेटं.

ऑक्टोबरात हर्नडनच्या श्रीरामची जोडी माझ्याकडे आली. एका नावाजलेल्या मॉडेलची ती पहिली आवृत्ती, त्याने कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेली. त्याच मॉडेलची दुसरी आवृत्ती मी महिनाभराच्या बोलीवर दुकानातून आणून ठेवली होती. पसंत पडली नाही तर परत. पहिली चांगली की दुसरी, यावर ग्रुपमध्ये दोन जण अजून एकमेकांशी बोलत नाहीत. मला निकाल लावायचा होता. दिसायला दोन्ही सारख्या, काळ्या, चकचकीत, काजूएवढ्या. फरक एवढाच की दुसरीच्या आतल्या बाजूला सोनेरी ‘२’ छापलेला होता.

श्रीरामच्या डबीत आलेपाकाची एक वडी होती आणि चिठ्ठी होती. ‘गाणी ऐक. घरचं रेकॉर्डिंग लावू नकोस.’

मला रागच आला. मी इअरफोन कशावर तपासतो हे सगळ्या ग्रुपला ठाऊक आहे. माझ्याकडे आईचं चार मिनिटं बारा सेकंदांचं एक रेकॉर्डिंग आहे. आई, म्हणजे मालिनीबाई, आमच्याकडे सहा महिने राहायला आली होती तेव्हाचं. शेजारच्या वसुधाकाकूंचा डबा परत करायचा होता, म्हणून ती त्यात शंकरपाळे भरत होती. मी नवा रेकॉर्डर तपासत होतो. आई बोलतेय, मध्ये कुकरची शिट्टी, वर चिमणीचा पंखा, स्टीलच्या डब्यावर बांगडी लागल्याचा आवाज. मी विचारतो, “आई, चार शंकरपाळ्यांसाठी एवढं काय?” ती म्हणते, “रिकामा डबा कुणाला देऊ नये रे.” आणि सगळ्यात शेवटी, “बंद कर आता ते.” त्यातला प्रत्येक सेकंद मला पाठ आहे.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्या दिवशी तिचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होतो आणि फोन म्यूटवर होता. मी उलट फोन केला तेव्हा तो भावाने उचलला. त्यानंतर तिचा आवाज म्हणून माझ्याकडे हे चार मिनिटं बारा सेकंद उरले. म्हणजे श्रीरामने मला नेमकं तेच लावू नको म्हणून सांगावं? मी तेच लावलं.

शनिवारी दुपारी आधी माझी जोडी. नेहमीसारखंच. मग श्रीरामची. चार मिनिटं बारा सेकंद झाले, आई “बंद कर आता ते” म्हणाली, रेकॉर्डिंग संपलं. मी इअरफोन काढणार एवढ्यात ती म्हणाली, “जेवलास का?”

मी तसाच बसून राहिलो. स्क्रीनवर आकडा थांबलेला होता. पंख्याचा आवाज नव्हता, कुकर नव्हता, फक्त तिचा आवाज, अगदी कानाशी. घाबरलो, हे कबूल करतो. पण त्याहून जास्त आनंद झाला, आणि तो आनंद मला आवरेना. मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, “जेवलो गं.”

दुसऱ्यांदा लावलं तेव्हा शेवटी ती म्हणाली, “बारीक झालायस.” तिसऱ्यांदा, “रेणूच्या खांदादुखीचं काय झालं?” रेणूचा खांदा यंदाच्या उन्हाळ्यात दुखायला लागला होता. आणि एकदा, आई बोलायच्या आधी, कुणीतरी म्हातारा माणूस खोकला. आमच्या घरात त्या वयाचं कुणी नव्हतं.

कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. मी टेस्टर आहे, मी टेस्ट काढली. रविवारी रेणूला समोर बसवलं, ‘२’ झाकायला दोन्ही जोड्यांना आतून काळी टेप लावली, आणि डोळे मिटले. तिने वाटेल ती जोडी माझ्या हातात द्यायची, मी रेकॉर्डिंग ऐकून कुठली ते सांगायचं, तिने कागदावर लिहायचं. दहा फेऱ्या.

“यतीन, दोन्ही सेमच आहेत यार,” ती पहिल्याच फेरीला म्हणाली. “तू उगाच माझा संडे वेस्ट करतोयस.”

दहापैकी दहा बरोबर आले. कसे चुकतील? मी फक्त शेवटाची वाट बघत होतो, आणि पाच वेळा आई माझ्याशी बोलली. रेणूला मात्र मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने डबी त्याच दिवशी पोस्टात टाकली असती.

शेवटी तिने सहज माझी जोडी कानात घातली आणि रेकॉर्डिंग लावलं. तिच्या कपाळावर आठी आली.

“आईंचा आवाज इतका लांबून यायचा? आणि मध्येमध्ये कट होतोय. तू फाइल एडिट केलीस का?”

मी तिला म्हटलं, ही आवृत्ती जरा कोरडीच आहे. आम्हा कानसेनांचं हे असं असतं. आवाजात काही कमी वाटलं की दोष इअरफोनचा. फाइल उघडून बघायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

ते मंगळवारी कळलं. जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉपच्या साध्या स्पीकरवर रेकॉर्डिंग लावलं. पंखा होता, शिट्टी होती, बांगडीचा आवाज होता. “आई, चार शंकरपाळ्यांसाठी एवढं काय?” असं मी विचारलं, आणि उत्तराच्या जागी नुसता पंखा फिरत राहिला. पुढेही माझाच आवाज, मग पंखा, मग माझा आवाज. आईचं फक्त एक वाक्य राहिलं होतं, शेवटचं. “बंद कर आता ते.”

तीन ठिकाणी बॅकअप होता. तिन्हीकडे तेच. भावाच्या फोनवर सहा वर्षांपूर्वी पाठवलेली प्रत होती, ती त्याला लावायला सांगितली. “तूच बडबडतोयस नुसता,” तो म्हणाला.

मी श्रीरामला फोन केला. हॅलोसुद्धा न म्हणता त्याने विचारलं, “घरचं लावलंस?”

“हो.”

“चिठ्ठी लिहिली होती रे मी.” मग त्याने विचारलं, “त्यात कुणी खोकलं का?”

“एकदा. म्हातारं माणूस.”

“ते बाबा.” तो म्हणाला. “एक वाक्य त्या जोडीत नवीन बोलतात, एक फाइलमधलं जातं. बाबांचं सगळं गेलं तेव्हा मला समजलं. मग वाटलं, ही जोडी घरातून घालवली की फाइल परत पहिल्यासारखी होईल.”

“झाली?”

“नाही. आणि जोडीबरोबर बाबाही गेले. यतीन, सुवर्णाला पाठवताना नीट सांग तिला. तिला लहान मुलगी आहे, ती तिचंच काहीतरी लावेल.”

सुवर्णा सांता क्लाराची, यादीत माझ्यानंतरची. मी सांगतो म्हटलं आणि फोन ठेवला. मनात मात्र तेव्हाच ठरलं होतं. आई त्या काजूएवढ्या काळ्या तुकड्यांत होती, आणि मी तिला पोस्टात टाकणार नव्हतो. श्रीरामच्या डबीत माझी जोडी घालून पाठवली तर कुणाला कळणार होतं? पुढे गडबड नको म्हणून ग्रुपवर लिहून टाकलं की शंभर वेळा ऐकलं तरी दोन्हींत काडीचाही फरक नाही. सुवर्णाला सावध करायचंही कारण उरलं नाही. तिला साधी जोडीच जाणार होती.

गुरुवारी टेप काढून ‘२’ खरवडायला बसलो, तर दोन्ही जोड्यांवर टेपही नव्हती आणि आकडाही नव्हता.

“टेपचा गोंद चिकट लागत होता,” रेणू स्वयंपाकघरातून म्हणाली. “अल्कोहोलने दोन्ही क्लीन केल्या रविवारीच. का? काही लिहिलं होतं का त्यावर?”

“नाही. कुठली कुठल्या डबीत ठेवलीस?”

“ज्याची त्यात. आय एम नॉट स्टुपिड.”

रेणू व्यवस्थित बाई आहे. मसाल्याच्या डब्यातली वाटीसुद्धा ती कधी चुकीच्या जागी ठेवत नाही. तरीही कुठल्याही टेस्टरने एकदा लावून बघितलं असतं. मला ते करवेना. फाइलमध्ये आईचं एकच वाक्य उरलं होतं. श्रीरामची जोडी घालून ते लावलं तर तेही जाणार, आणि आता कुठली श्रीरामची हेच तर बघायचं होतं. ते वाक्य मी जपून ठेवलं. कधीतरी फार आठवण आली की एकदाच लावायचं आणि तिला बोलू द्यायचं, असं ठरवलं. रेणूच्या हाताचा भरवसा धरला.

शुक्रवारी दुपारी श्रीरामच्या डबीतली जोडी काढून माझ्या कपाटात ठेवली. माझ्या डबीतली तिच्यात घातली. रबरी टोप्यांचा नवा जोड घालायला विसरलो नाही. पोस्टातल्या बाईने विचारलं, आत काही नाजूक आहे का. मी नाही म्हणालो. परत येताना पावसात गाडी चालवत मी चक्क शीळ घालत होतो.

शनिवार, रविवार मी कपाट उघडलं नाही. सोमवारी आईचा वाढदिवस होता. दुपारी रेणू ऑफिसात होती. मी ताटही वाढून घेतलं नव्हतं, आधी तिच्याशी बोलायचं होतं. जोडी कानात घातली आणि रेकॉर्डिंग लावलं. पंखा. शिट्टी. माझे एकट्याचे प्रश्न. चार मिनिटं आठ सेकंदांवर आई म्हणाली, “बंद कर आता ते.” लांबून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. मी वाट बघितली. आकडा थांबला, पंखा थांबला. मी “आई” म्हटलं. दुसऱ्यांदा लावलं. पुन्हा तेच वाक्य, जिथल्या तिथे, जसंच्या तसं.

वाक्य गेलं नव्हतं. म्हणजे कानात होती ती माझी दुकानातली जोडी.

रेणूला कशाचा दोष देऊ? दोन जोड्या सारख्याच दिसत होत्या, एक इकडे, एक तिकडे झाली. आकडा मी झाकायला लावला. टेस्ट मी काढली. आणि माझ्याच हाताने आईला पाकिटात घालून, वर पत्ता लिहून, आत काही नाजूक नाही असं सांगून आलो.

दोनच्या सुमारास सुवर्णाचा मेसेज आला.

‘यतीनदादा, जोडी मिळाली, थँक यू! तुम्ही म्हणालात तसा माझ्याकडच्या दुसऱ्या आवृत्तीत आणि हिच्यात साउंडचा काहीच डिफरन्स नाही. पण एक विचारू? मी माझ्या मुलीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग लावलं होतं, दोनतीनदा. गाणं संपलं की एक आजी बोलतात. ही तुमच्याकडची गंमत आहे का? खूप गोड आहेत. म्हणतात, डबी रिकामी नाही आली, बरं झालं. आमच्या मुलीचा आवाज मात्र जरा लांबून आल्यासारखा वाटला.’

मी लिहायला घेतलं, ‘सुवर्णा, ते ताबडतोब बंद कर, आणि पुन्हा’. एवढ्यात तिचा दुसरा मेसेज खाली आला.

‘त्या तुमचंच नाव घेतायत. सारखं विचारतायत, यतीन जेवला का. मी काय सांगू त्यांना?’

अर्धा राहिलेला मेसेज तसाच होता. तो आधी पुरा करायला हवा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. मी तो खोडला.

‘जेवला म्हणून सांग,’ मी लिहिलं.