रविवारच्या कॉलवर चिडलेलं भिंग

मी एक जुनं भिंग आहे. मित्रांनो, मी आज चिडलोय, म्हणून गोडगोड बोलणार नाही.

माझी काच कुणी घासली ते मला आठवत नाही. आठवतो तो एस्प्लनेडचा फुटपाथ. जुनी नाणी आणि तिकिटं विकणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या पेटीत मी वर्षानुवर्षं धूळ खात पडलो होतो. एके दिवशी उन्मेष नावाच्या बँकेतल्या साहेबांनी मला उचललं आणि बालीगंजच्या आपल्या फ्लॅटवर नेलं. त्यांची बदली या बंगाली मुलखात भर नोव्हेंबरात झाली होती. शाळांचे प्रवेश केव्हाच संपले होते. तेव्हा त्यांची बायको लीना म्हणाली, "मीच शिकवते सुश्रुतला घरी. शहर हीच त्याची शाळा." सुश्रुत सहा वर्षांचा. त्या वाक्यावर मी खूश झालो होतो!

सुरुवातीचे दिवस सोन्याचे होते. रोज सकाळी मायलेक मला घेऊन बाहेर पडत. तळ्याकाठच्या गोगलगाई, ट्रामचा गंज, केळीच्या पानाच्या शिरा, सगळं आम्ही पाहिलं. एकदा तर सुश्रुत मासळीबाजारात ओल्या फरशीवरच बसला. कोळीणबाई हसून म्हणाली, "खोका, की देखछो?" म्हणजे, बाळा, काय बघतोस? आणि तिने रोहूचं एक खवलं त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यावरच्या गोल गोल रेघा दिसल्या तेव्हा पोरगं आनंदाने ओरडलं. मला इतकं महत्त्व आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

मग आला रविवार. दर रविवारी पुण्याहून सुश्रुतचे आजोबा, मधुकरराव, व्हिडिओ कॉल करत आणि नातवाची परीक्षा घेत.

"काय शिकलास रे या आठवड्यात?"

"आजोबा, माशाच्या खवल्यावर रेघा असतात!"

"मासे?" आजोबांचा चेहरा आंबट झाला. "लीना, अगं पोराला शाळेतून काढलंस ते मासळीबाजारात फिरवायला? आपला दुसरा नातू सारंग सोळाचा पाढा म्हणतो. उद्या पाहुण्यांना काय सांगू मी?"

लीना "हो बाबा" म्हणाली. एवढंच. पुण्याच्या चार माणसांपुढे आपलं हसं होईल, या धास्तीने तिने आपलीच शाळा मोडली. मला तिचा भयंकर राग आला. भिंतीवर वेळापत्रक लागलं. मित्रांनो, ऊन मिळालं असतं तर मी ते जाळून टाकलं असतं!

त्यानंतर सहली झाल्या, पण त्या आजोबांसाठी. जायच्या आधीच उत्तरं पाठ. आम्ही सत्तावनच्या उठावातली छावणी बघायला बराकपूरला गेलो तेव्हा गाडीभर लीना घोकून घेत होती, "कुठला उठाव? कुठलं साल?" नदीच्या घाटावर ओहोटी होती. चिखलातून नखाएवढा खेकडा वर आला. सुश्रुत मला घेऊन वाकला. खेकड्याचे डोळे काड्यांवर उभे होते, आणि पोराने श्वास रोखला होता. मीसुद्धा!

"आई, हा तिरका का चालतो?"

"तो आजोबा विचारणार आहेत का? ऊठ, पँट भरली बघ चिखलाने. छावणी बघायचीय अजून."

तिने त्याचा हात ओढला, मला त्याच्या मुठीतून काढून पर्समध्ये टाकलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

रविवारी सुश्रुतने घडाघडा उत्तरं दिली. मी टेबलावरच पडलो होतो. आजोबा खूश झाले. म्हणाले, "शाब्बास रे वाघा! आता सांग, तुला स्वतःला तिथं सगळ्यात जास्त काय आवडलं?"

सुश्रुतने आईकडे वळून विचारलं, "आई, मला काय आवडलं?"

लीना हळूच म्हणाली, "नदी. नदी सांग."

"नदी आवडली, आजोबा."

आणि दोघं मोठी माणसं हसली, मित्रांनो! पोराचा स्वतःचा आवाज मोडला तो कुणालाच ऐकू आला नाही.

मला पुसा, जपा, मखमलीत ठेवा, असं मी सांगणार नाही. भिंग फुटलं तर दुसरं मिळतं. मला तुमची काळजी आहे. कुणी विचारलं, तुला काय आवडलं, तर कुणाच्याही तोंडाकडे बघू नका. ते तुमच्या आईलाही ठाऊक नसतं. तुम्हीच सांगा, आणि कुणी डोळे वटारले तर आणखी मोठ्याने सांगा.