झाकणावरचे नाव

मित्रांनो, माळ्यावर जुन्या गाद्यांमागे एक काळी लोखंडी ट्रंक दिसते आहे ना? कोपऱ्यांना गंज चढलेली, एक कडी तुटलेली? ती मीच. नाके मुरडू नका. एके काळी माझाही रुबाब होता.

एका पत्रेवाल्याने ठोकून ठोकून मला आकार दिला आणि मी एका फौजीच्या वाट्याला आले. त्याने माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात, मोठ्या अक्षरांत आपले नाव लिहून घेतले. झाकणाच्या आतून ताईचा फोटो चिकटवला. आई लवकर गेली, तेव्हापासून ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. लोकांचे कपडे हातशिलाईने शिवून तिने घर चालवले. बराकीत मी खुर्ची होते, टेबल होते, पत्ते कुटायची जागाही होते. मी कधी कुरकुर केली नाही. कडी तेवढी कुरकुरायची.

सीमेवरच्या चौकीवर असताना त्याची सुट्टी दोनदा मंजूर झाली आणि दोनदा रद्द झाली. अखेर मिळाली तेव्हा ताई नवऱ्याबरोबर कायमची दूर देशी निघाली होती. भावाची भेट व्हावी म्हणून ती माहेरी येऊन थांबली होती. त्याने तिच्यासाठी हाताने फिरवायचे शिलाई मशीन घेतले आणि जुन्या स्वेटरात गुंडाळून माझ्या पोटात ठेवले. मी इतकी जड कधीच झाले नव्हते आणि खरे सांगते, इतकी फुशारलेही नव्हते.

बर्फातून ट्रक, मग नदीवर होडी, मग आगगाडी. गाडीत तो धड झोपला नाही. माझ्यावर पाय ठेवून राखण करत बसला. शेवटच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्याच्या गावाकडे एकच जीप निघत होती आणि तिच्यात एकच जागा होती.

“माणूस येईल. पेटी नाही जमायची,” ड्रायव्हर म्हणाला.

त्याच्याबरोबर सुट्टीवर आलेला बराकीतला दोस्त, ज्याला सगळे जाड्या म्हणत, स्टेशनाजवळच राहायचा. तो म्हणाला, “अरे, तू जा की! उद्या सकाळच्या बसनं पेटी तुझ्या दारात आणून टाकतो.”

“आणशील रे, पण आपटशील. आणि ताईपुढं काय हात हलवत जाऊ?”

“ताईला तू हवायस की मशीन?”

“ती उद्या दुपारी निघणार आहे. सकाळच्या बसनं गेलो तरी दोन तास मिळतील आम्हाला.”

जीप निघून गेली. रात्र आम्ही जाड्याच्या ओसरीवर काढली. मला तेव्हा फार बरे वाटले होते. मला सोडून तो गेला नाही, याचाच मी तोरा मिरवत होते.

सकाळी मला बसच्या टपावर दोरीने आवळले. अर्ध्या वाटेत चाक पंक्चर झाले आणि जादा चाक काढले, तर त्यातही हवा नाही. तो रस्त्यावर येरझाऱ्या घालत होता. चाक दुरुस्त होऊन बस हलली तेव्हा दुपार उलटत आली होती, आणि इतक्या दिवसांच्या जागरणाने नेमका तेव्हाच त्याचा डोळा लागला.

पुढे एक अरुंद पूल होता. समोरून बस येत होती म्हणून आमची बस कडेला थांबली. ती बस अगदी हळू शेजारून गेली. तिच्या खिडकीत ताई होती. फोटोतल्यापेक्षा थकलेली, पण मी ओळखलेच. अर्धी बाहेर वाकून ती आमच्या बसची एकेक खिडकी बघत होती. तो पलीकडच्या बाजूला, पुढच्या सीटच्या दांड्यावर कपाळ टेकून झोपला होता. त्याचे नाव माझ्या झाकणावर ठसठशीत लिहिलेले होते, पण ते वर आकाशाकडे. खालून तिला कसे दिसावे? मी किती तडफडले म्हणून सांगू! दोरीने बांधलेली पत्र्याची पेटी करणार काय? धूळ उडाली आणि ताई गेली.

घराच्या दारात वडील उभे होते.

“गेली रे आत्ताच. म्हणाली, समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीत बघते त्याला.”

त्याने मला खाली ठेवले, माझ्यावरच बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. परतीची बस दुसऱ्या दिवशी होती आणि ताईची आगगाडी त्याच रात्री.

ताई फोनवर हसून म्हणायची, “मशीन सांभाळ हं, मी येतेच घ्यायला.” ती आली नाही. तिकडेच आजारी पडली, तिकडेच गेली. मशीन अजून माझ्या पोटात आहे. त्यावर एकही टाका पडलेला नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल, आता ही म्हणणार, मला रंग द्या, माझ्या कड्यांना तेल घाला. नाही. परवा त्याच्या मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरी करते. तिचा आवाज वरपर्यंत येत होता. “बाबा, सामान फार झालंय, या गाडीत घेत नाहीत. उद्याच्या गाडीनं येते.”

तो असा ओरडला की माझ्यावरची धूळ हलली. “सामान राहू दे तिकडंच! तू ये आधी!”

सामान वाहणे हाच माझा जन्म. तरी मी सांगते, त्याचे ऐका.

ती त्याच संध्याकाळी आली, हात हलवत. तो दुपारपासून दारातच उभा होता.